सगळ्यांनी ऐकायचा फोन

गिरिजाबाईच्या शेतमजूर बायांच्या टोळीत एक कायदा होता. फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा आणि सगळ्या बायांनी ऐकायचा. कायदा तिनंच केलेला. तिच्या आधीची मुकादमीन शेतवाल्याशी फोनवर भाव एक ठरवायची आणि बायांना दुसरा सांगायची. ते उघडं पडलं तेव्हा वस्तीवरच्या बायांनी तिला सोडलं आणि गिरिजाबाईला धरलं. गिरिजाबाईनं पहिल्याच दिवशी फोन दोरीनं गळ्यात अडकवला आणि सांगितलं, "ह्याच्यात जे बोलणं व्हईल ते समद्यांपुढं व्हईल. माझ्या कानाला लावलेला दिसला तर मला सोडा."

तेव्हापासून खुरपणी असो, कापूस वेचणी असो की मोसंबीची तोड, तीर्थपुरीच्या भोवतालच्या शेतवाल्यांना गिरिजाबाईचा नंबर पाठ झाला, आणि हा नंबर म्हणजे भोंगा आहे हेही कळलं. जालन्याला नोकरी करणारे शेतवाले गजाननराव आधी "नमस्कार सगळ्यांना" म्हणायचे, बाया वाकल्यावाकल्याच "जयभीम साहेब" म्हणायच्या, आणि मगच भावाचं निघायचं. एवढ्या बायांच्या कानांपुढं कमी भाव बोलायला माणसाला जड जातं. त्यामुळे गिरिजाबाईच्या टोळीला दुसऱ्या टोळ्यांपेक्षा थोडं जास्तच मिळायचं. तिला याचा मोठा अभिमान होता आणि तो काही खोटा नव्हता.

दसरा झाला, कपाशीच्या पऱ्हाट्या पांढऱ्या झाल्या, आणि एका सकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत असताना तो पहिला फोन आला. पिठाच्या बोटानंच तिनं उचलला.

"बेबीनंदा संघपाल यांना द्या," एक तरुण आवाज म्हणाला.

"कोन बोलून राह्यलं?"

"फायनान्समधून. मशीनच्या लोनचे हप्ते थकलेत त्यांचे. त्यांचा फोन बंद येतो. दुसरा नंबर म्हणून हा दिलाय."

गिरिजाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "इथं कोनी बेबीनंदा न्हाई. राँग नंबर हाये," म्हणाली आणि बटन दाबलं.

तिचा नवरा सर्जेराव दारात बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. गुडघे गेल्यापासून तो शेरडं राखायचा आणि उरलेल्या वेळात बायकोला सल्ले द्यायचा. "खोटं बोल्लीस," तो म्हणाला.

"मंग काय तिच्या घराकडं बोट दाखवू?"

बेबीनंदा टोळीतलीच. तिचं आणि गिरिजाबाईचं माहेर एक, अंबडकडचं. तिला पाळण्यात घातली तेव्हा गिरिजाबाई तिथं होती, आणि पुढं या गावातल्या संघपालसाठी तिचं स्थळ सुचवलं तेही गिरिजाबाईनंच. म्हणून बेबीनंदा तिला मावशी म्हणायची आणि आईला करतात तसं अगंतुगं करायची. मागं एकदा तिनं कर्ज काढून शेवयांचं मशीन आणलं. पहिल्या उन्हाळ्यात तिच्या दारात डबे घेऊन बायांची रांग लागली, अंगणभर दोऱ्यांवर शेवया वाळायला लागल्या, आणि आता खुरप्याला हात लावणार नाही असं बेबीनंदा सगळ्या गावाला सांगत सुटली. दुसऱ्या उन्हाळ्यात गिरणीवाल्यानं मोठं मशीन आणलं. दळण आणि शेवया एकाच जागी व्हायला लागल्यावर तिच्याकडं कोण येणार? मशीनवर गोणपाट पडलं आणि ती खुरपं घेऊन परत टोळीत आली. कर्ज तर फिटलं, आता घरी बसून काय करू, असं म्हणाली. दुर्गाबाईनं, जिच्या जिभेला सगळी टोळी वचकून असायची, "या शेठाणीबाई" म्हणून तिला जागा करून दिली. बाया हसल्या, बेबीनंदाही हसली. पण ते हसणं तिला फार लागलं होतं.

त्या दिवशी रानात जाताना गिरिजाबाईनं तिला मागं घेतलं आणि फोनचं सांगितलं. बेबीनंदाचा चेहराच उतरला.

"तुला इचारूनच दिल्ता नंबर, मावशी."

"दिल्ता तर दिल्ता. पन तू तर फिटलं म्हनली व्हतीस."

"मंग काय सांगू? हप्ता बारा महिने अन् शेवया उन्हाळ्यातच. दुर्गाबाईला कळलं तर जगू देईल का ती मला?"

"संघपालला ठावं हाये?"

"हाये की. त्यो ट्रॅक्टरवर जाऊन राह्यला, पन मालक पगार जल्दी काढीत न्हाई. वेचणीच्या पैशातून भरते मी थोडं थोडं. टोळीत निघू देऊ नको, मावशी. हात जोडते."

"न्हाई निघू देनार," गिरिजाबाई म्हणाली. "माझी जबान हाये."

जबान देताना तिला आपला कायदा आठवला नाही. तो दुपारी आठवला. बाया पऱ्हाटीत पसरल्या होत्या, कापसानं कमरेच्या ओट्या फुगल्या होत्या, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून निघत होती. गळ्यातला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. गिरिजाबाईनं एकदा बेबीनंदाकडं बघितलं आणि आपल्या वाट्याची ओळ, म्हणजे पात, सोडून ती बांधाकडं चालू लागली.

"घरचा फोन हाये," जाता जाता ती उगाच म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

बांधावरच्या कडुलिंबाआड उभं राहून तिनं कितीतरी दिवसांनी फोन कानाला लावला. तोच आवाज होता.

"मावशी, तुम्ही ओळखता त्यांना. तुमचा नंबर त्यांनी स्वतः लिहून दिलाय."

"म्या न्हाई ओळखत कोनाला."

"मग त्यांनी तुमचाच नंबर कसा दिला?"

"ते तिलाच इचारा की," गिरिजाबाई म्हणाली आणि जीभ चावली.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्या दिवसापासून फायनान्सवाल्यांनी तिला सोडलं नाही. रोज नवा नंबर यायचा आणि आवाजही बदलायचे. कोणी गोड बोलायचं, कोणी हिंदीत डाफरायचं. एक जण म्हणाला, घरी माणसं पाठवतो. एक बाई म्हणाली, "तुम्हीच भरा ना मग, एवढी माया आहे तर." गिरिजाबाईनं आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नव्हता. आता ती लिंबाआड उभी राहून बुडवणाऱ्यासारखी खालच्या आवाजात बोलत होती, आणि येताना पदरानं तोंड पुसत होती. फोन बंद करून ठेवावा तर हंगाम वेचणीचा. शेतवाल्याला नंबर बंद लागला की तो दुसऱ्या टोळीला लावतो. एकदा तिनं बंद ठेवला आणि एक वावर तसं गेलंही. बायांचा एक दिवस बुडाला आणि तो गिरिजाबाईच्या खाती जमा झाला.

पहिल्यांदा बोलली ती अर्थातच दुर्गाबाई. भाकरी खायला बसल्यावर, सगळ्या ऐकतील अशा बेतानं.

"मुकादमीनबाईचे घरचे फोन लई वाढले बुवा. सर्जेरावभाऊ शेरडं राखता राखता एवढं काय बोलत असतील?"

बाया हसल्या. गिरिजाबाईनंही हसून नेलं. बेबीनंदानं भाकरीचा तुकडा हातात धरला होता, तो तिथंच राहिला.

असं आणखी काही दिवस निभलं असतं. पण मग गजाननरावांचा फोन आला. गिरिजाबाईची सवय तोवर इतकी मोडली होती की वाजताक्षणी ती उठली, बांधाकडं गेली आणि कानाला लावून बोलली. बोलणं सुरू झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हा वसुलीवाला नव्हे. गजाननराव म्हणत होते, यंदा कापसाला भाव नाही, वेचणीचं किलोमागं थोडं कमी करा. मागं बाया वाकलेल्या नव्हत्या, उभ्या राहून बघत होत्या. आता स्पीकर लावावा तरी पंचाईत आणि न लावावा तरी पंचाईत. ती घासाघीस करायला गेली, पण एकट्या बाईच्या कानात बोलताना साहेबांना काही जड जात नव्हतं. ठरला तो भाव कमीच ठरला.

तिनं येऊन जसाच्या तसा सांगितला.

"आमी न्हाई ऐकलं," दुर्गाबाई म्हणाली.

"म्या सांगून राह्यले ना."

"पयलीबी सांगतच व्हती."

पहिली म्हणजे ती आधीची मुकादमीन. गिरिजाबाईच्या अंगावर कोणी गरम पाणी ओतावं तसं झालं. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. एकही बाई दुर्गाबाईला गप म्हणाली नाही. काही जणी पायाखालचं ढेकूळ फोडत उभ्या होत्या. बेबीनंदाही त्यातच उभी होती आणि तीही काही बोलली नाही. बोलणार तरी काय होती? पण गिरिजाबाईच्या मनात त्या क्षणी तिच्याबद्दल अढी पडली. हिच्यापायी माझं नाव चाललंय आणि ही तोंड उघडत नाही, हे तिच्या मनात बसलं ते निघेना.

घरी आल्यावर तिनं सर्जेरावला सगळं सांगितलं. तो शेरडाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होता.

"खरं सांगून टाक टोळीला," तो म्हणाला.

"तिचं नाव निघंल."

"न्हाई सांगितलं तर तुझं निघून राह्यलं. अन् तुझं नाव गेलं तर ह्या घरात काय राह्यतं? माझे गुडघे?"

ती पीठ काढायला उठली. पण ते बोलणं तिला पटलं होतं, आणि पटलं याचंच तिला वाईट वाटलं.

गजाननरावांच्या रानात वेचणी लागली. ऊन स्वच्छ पडलं होतं, कापूस कोरडा होता, हात भरभर चालत होते. तरी पातीवर कोणी गाणं म्हणत नव्हतं, गप्पा नव्हत्या. दुपार कलताना फोन वाजला. गिरिजाबाई उठायला लागली तशी दुर्गाबाई तिच्या वाटेत उभी राहिली. भरलेल्या ओटीनं ती आणखी रुंद दिसत होती.

"हितंच घे," ती म्हणाली. "तुझाच कायदा हाये. नसंल जमत तर तुझ्या तोंडानं सांग, आमी दुसरी बघतो."

सगळ्या टोळीचे हात थांबले. गिरिजाबाईनं बेबीनंदाकडं बघितलं. बेबीनंदानं मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. फोन वाजतच होता. तो वाजून वाजून थांबला असता. गिरिजाबाईनं नुसतं उभं राहायचं होतं. पण तिचा अंगठा बटनावर गेला आणि तिनं आवाज पुरता मोठा केला.

"काय हो मावशी, आज तरी खरं बोलणार का?" तो तरुण आवाज वावरभर झाला. "बेबीनंदा तुमच्याच टोळीत आहे, आम्हाला सगळं माहितीय. शेवयाचं मशीन घेताना हौस होती, हप्ते भरायला लाज वाटते का? तुम्ही कशाला लपवता तिला?"

बायांनी आधी एकमेकींकडं बघितलं आणि मग सगळ्यांनी बेबीनंदाकडं. इथवर झालं ते झालं. गिरिजाबाईचं नाव इथंच धुऊन निघालं होतं. तिनं राँग नंबर म्हणून फोन ठेवला असता तरी आता तिला कोणी काही म्हणणार नव्हतं. पण इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर यायचं होतं. तिनं गळ्यातली दोरी काढली, दोन पाती ओलांडून गेली आणि फोन बेबीनंदाच्या तोंडापुढं धरला.

"हाये. हितंच हाये," ती मोठ्यानं म्हणाली. "घ्या, बोला तिच्याशीच. माझा पिच्छा सोडा."

बेबीनंदानं हातातलं बोंड ओटीत टाकलं. हात लुगड्याला पुसले आणि फोन घेतला.

"बोलते," ती म्हणाली.

तो बोलत राहिला. शेठाणी व्हायला निघालात, पोलीस आणू का, नवरा काय करतो, सगळं बोलला. बेबीनंदा हं, हं म्हणत ऐकत होती. मधेच तिनं शांतपणे सांगितलं, "साहेब, समद्या बाया ऐकून राह्यल्यात. जरा नीट बोला."

पलीकडचा आवाज एकदम थांबला. मग तो खाली आला. "बरं बरं. कधी भरता ते सांगा."

"भरते. आता जल्दीच भरते."

तिनं फोन गिरिजाबाईच्या हातात दिला आणि आपली पात धरली. दुर्गाबाई तोंडावर पदर घेऊन उभी होती. हसायला सगळ्यात जास्त हक्काची तीच, पण ती हसली नाही. थोड्या वेळानं ती पाण्याची कळशी घेऊन बेबीनंदाकडं गेली. "घे बाई, पानी पी," म्हणाली. बेबीनंदानं पाणी घेतलं. गिरिजाबाई आपल्या पातीवर वाकली होती आणि तिला बोंडं दिसत नव्हती. दिवस मावळायला आल्यावर काट्यावर कापूस लागला, तेव्हा बेबीनंदाचा त्या दिवशी सगळ्यात जास्त भरला.

"टोळीत तुझं नाव बराबर झालं का?" सर्जेरावनं घरी विचारलं.

"झालं."

"मंग जेव की."

ती जेवली नाही. ताट झाकून ठेवलं आणि कुशीवर झाली.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा आली नाही आणि तिसऱ्या दिवशीही आली नाही. गिरिजाबाईला तिच्या घराकडं जायचं होतं. पण जाऊन काय म्हणायचं ते ठरत नव्हतं, म्हणून ती वेचणीचं निमित्त करत राहिली. तेवढ्यात कळलं की संघपालनं ऊसतोडीच्या मुकादमाकडून दोघांची उचल घेतली, म्हणजे सगळ्या हंगामाचे पैसे आधीच. ते फायनान्सला भरून टाकले, साक्षीला, त्यांच्या लेकीला, आजीकडं ठेवलं, आणि दोघं अंकुशनगरकडं उसावर गेलीसुद्धा. बेबीनंदानं ऊस कधी तोडला नव्हता. तिच्या बापानं जन्मभर तोडला होता, आणि माझी लेक कोयता धरणाऱ्या घरी देऊ नको एवढंच त्यानं गिरिजाबाईला स्थळ बघताना सांगितलं होतं. संघपालचं घर तिनं त्याचसाठी शोधलं होतं.

काही दिवसांनी वेचणी चालू असताना पुन्हा एक अनोळखी नंबर आला. गिरिजाबाईनं जागेवरच बटन दाबलं.

"मावशी, बेबीनंदा यांचं खातं क्लिअर झालं," तो तरुण आवाज म्हणाला. आता त्यात काही राग नव्हता, जरा थकवाच होता. "तुमचा नंबर काढून टाकलाय. सहकार्य केलं त्याबद्दल धन्यवाद."

सगळ्या टोळीनं ते ऐकलं. दुर्गाबाई तेवढी पुटपुटली, "मेल्यानं धन्यवादबी दिला."

संक्रांतीच्या आधी गिरिजाबाई एसटीत बसून अंकुशनगरला गेली. सोबत तिळाच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. साखर कारखान्याच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला उसाच्या वाळल्या पाचटानं शाकारलेल्या कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या होत्या. विचारत विचारत ती बेबीनंदाच्या कोपीपुढं पोहोचली. बेबीनंदा नुकतीच उसाची गाडी भरून आली होती. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. उसाच्या पानांनी गालावर आणि मनगटांवर बारीक रेघा उठल्या होत्या. तिनं गिरिजाबाईला बघितलं, आणि लगेच पोतं अंथरलं.

"या, बसा," ती म्हणाली. "च्या ठेवते."

या, बसा. गिरिजाबाई पोत्यावर बसली. तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा चहा उकळला. बेबीनंदानं गावाकडचं विचारलं, सर्जेरावकाकांच्या गुडघ्याचं विचारलं, वेचणी संपली का विचारलं. सगळं नीट, पाहुण्याला विचारतात तसं.

"हात दाखव," गिरिजाबाई म्हणाली.

"काय दाखवायचं? समद्यांचे तसेच हायेत."

"बेबी, माझं चुकलं. म्या जबान दिल्ती तुला."

बेबीनंदानं कप तिच्यापुढं ठेवला. "तुमचं काय चुकलं? फोन माझाच व्हता. तुमी माझा माझ्याकडं दिला."

ती टोमणा मारत नव्हती. चिडून बोलली असती, आई-बापाचा उद्धार केला असता, तर गिरिजाबाईला रडता तरी आलं असतं. तिनं चहा पिऊन टाकला. फार गोड होता.

"टोळीत ये परत. म्या बोलते समद्यांशी. दुर्गाबाईच इचारत व्हती."

"उचल फिटल्याबिगर कसं येनार? अन् फिटल्यावर बघू."

संघपाल ट्रॅक्टरवर गेला होता. पलीकडून कोणीतरी बेबीनंदाला हाक मारली, दुसरी गाडी लागली म्हणून. ती उठली, डोक्याच्या फडक्याची गाठ सारखी केली. गिरिजाबाईनंही पिशवी रिकामी करून भाकरी तिच्या हातात दिल्या.

"तुझा नंबर दे," गिरिजाबाई म्हणाली. "जुना लागत न्हाई. कधीमधी बोलत जाऊ."

"फोनच न्हाई माझ्याकडं आता," बेबीनंदा म्हणाली. "काय करायचा? हितं कोनाला बोलायचंय?"

त्या बोलण्यावरच कोपीच्या आत फोन वाजला. दाराच्या पाचटाआड, अगदी जवळ, आणि चांगला मोठ्यानं वाजला. बेबीनंदा वळली नाही. खाली बसून ती चहाचे कप विसळायला लागली. एक विसळून झाला, मग तोच पुन्हा विसळला. फोन वाजून वाजून थांबला.

"शेजारच्या कोपीतला हाये," ती कपाकडं बघत म्हणाली.

"असंल," गिरिजाबाई म्हणाली, आणि रिकामी पिशवी घेऊन एसटीच्या रस्त्याला लागली.